दहा दिवसांहून जुने

क्योटो विद्यापीठाचे महासंगणक केंद्र, जपान. डिसेंबर 2021. वेळा तिथल्या, भारतीय घड्याळ साडेतीन तास मागे.

3 डिसेंबर, शुक्रवार, सायंकाळी 5:32
या मिनिटाला काहीही घडत नाही. पण यानंतर ज्या फायलींना हात लागणार नाही, त्या अकरा दिवसांनी पुसायच्या यादीत येतील.

14 डिसेंबर, मंगळवार, 5:32 च्या आधी
बॅकअपची स्क्रिप्ट एचपीई कंपनीची. तिच्यात झाडलोटीची एक आज्ञा आहे : दहा दिवसांहून जुने लॉग पुसायचे. कुठले, ते एका व्हेरिएबलमध्ये लिहिलेले. स्क्रिप्ट वाचायला सोपी व्हावी म्हणून व्हेरिएबलचे नाव बदलले जाते.

सुधारलेली स्क्रिप्ट जुन्या फाइलवरच चढवली जाते. जुनी अजून चालू आहे. ती संपेपर्यंत कोणी थांबत नाही.

स्क्रिप्ट चालवणारी ‘बॅश’ ही प्रणाली ती आधी सगळी वाचून घेत नाही. थोडी वाचते, तेवढी चालवते, मग पुढे वाचते. पोथी चालू असताना पुढची पाने बदलावीत, तसे होते. नवे नाव पुढच्या पानावर आले. ते कोणाचे, हे सांगणारे पान मागे राहून गेले. व्हेरिएबल रिकामे.

सायंकाळी 5:32
पुसण्याची आज्ञा सुटते. लॉगच्या फोल्डरवर नव्हे, संशोधकांच्या ‘लार्ज-झिरो’ या साठ्यावर. निकष तोच : दहा दिवसांहून जुने, म्हणजे पूर्ण दिवस मोजून अकरा. जपून ठेवलेली फाइल जुनी असणारच.

15 डिसेंबर, बुधवार
आज्ञा दिवसभर चालूच. सरासरी काढली तर सेकंदाला दोनशेहून अधिक फायली. तिच्या लेखी चूक काहीच नाही; सांगितले तेच ती करते आहे.

16 डिसेंबर, गुरुवार, दुपारी 12:43
पुसणे थांबते. 43 तास 11 मिनिटे झाली.

हिशेब
सुमारे 77 टेराबाइट. सुमारे 3 कोटी 40 लाख फायली. 14 संशोधन गट. त्यांतल्या 4 गटांच्या फायली बॅकअपमधूनही परत येणार नाहीत. फायली पुसणारी स्क्रिप्ट बॅकअपचीच होती.

एचपीई पूर्ण जबाबदारी स्वीकारते. बॅकअप तात्पुरता बंद ठेवला जातो. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसरीकडेही ठेवा, असे विद्यापीठ संशोधकांना कळवते.

3 तारखेच्या त्या सायंकाळनंतर ज्यांच्यावर काम झाले होते, त्या फायली वाचल्या. काम संपवून ठेवून दिलेल्या गेल्या.