पडद्यावर किती दाखवावे? : अब्बासांच्या खटल्यापासून फूलनदेवीपर्यंत

ख्वाजा अहमद अब्बास हे नाव आपल्याकडे राज कपूरच्या चित्रपटांचे लेखक म्हणून घेतले जाते. पानिपतच्या हालींच्या घराण्यातला हा माणूस १९३५ साली मुंबईत आला, ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये पत्रकारी करू लागला आणि अखेरपर्यंत मुंबईचाच राहिला. भारतातील चित्रपट सेन्सॉरशिपचा पाया ज्या निकालावर उभा आहे त्या निकालावर त्यांचेच नाव आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

१९६८ साली अब्बासांनी ‘चार शहर एक कहानी’ हा सुमारे सोळा मिनिटांचा लघुपट काढला. कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतील श्रीमंती आणि तिच्या शेजारची दैना त्यात होती. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. सेन्सॉरने सर्वांसाठीचे प्रमाणपत्र नाकारले आणि ही दृश्ये कापा असे सांगितले. पोटासाठी शरीर विकावे लागणे हा सुद्धा स्त्रीवरचा अत्याचारच आहे आणि तो लपवून गरिबीची कहाणी पुरी होत नाही, अशी अब्बासांची धारणा होती. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असताना सरकारने माघार घेऊन प्रमाणपत्र देऊ केले, तरी अब्बास थांबले नाहीत. चित्रपट दाखवण्याआधीच तपासण्याच्या पद्धतीलाच त्यांनी आव्हान दिले.

२४ सप्टेंबर १९७० रोजी निकाल लागला. तो लिहिला होता सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयात वकिली करून तेथेच न्यायाधीश आणि पुढे मुख्य न्यायाधीश झालेले हिदायतुल्ला म्हणजे विदर्भातल्या वाचकांना आपलेच वाटावेत असे गृहस्थ. कलेच्या नावाखाली सारे काही चालवून घेणारा हा न्यायाधीश नव्हता. डी. एच. लॉरेन्सची गाजलेली कादंबरी विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा १९६४ साली कायम ठेवणारा निकाल त्यांचाच होता.

अब्बासांच्या खटल्यातही त्यांनी सेन्सॉरशिप घटनेविरुद्ध आहे हे मान्य केले नाही. चित्र, आवाज आणि हालचाल एकत्र आली की मनावर होणारा परिणाम वेगळा असतो, हे सांगताना त्यांनी गोया या स्पॅनिश चित्रकाराचा दाखला दिला. युद्धाची भीषणता त्याच्या रेखाचित्रांत जितकी हादरवते त्यापेक्षा रंग-आवाजासह पडद्यावर ती जास्त हादरवील, असे त्यांचे म्हणणे. पण त्याच निकालात त्यांनी दुसरी गोष्ट तितक्याच स्पष्टपणे बजावली. लैंगिकता आणि अश्लीलता एकच नव्हेत. बलात्कार, महारोग किंवा वेश्याव्यवसाय हा विषय आला म्हणून सेन्सॉरने कात्री उचलू नये. दिग्दर्शकाने तो विषय कसा हाताळला हे पाहावे. सेन्सॉरच्या निर्णयावर अपील ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा असावी, हेही याच खटल्यातून पुढे आले आणि पुढे १९८३ साली चित्रपट अपील न्यायाधिकरण अस्तित्वात आले.

‘कसा हाताळला’ हे दोन शब्द पुढच्या पंचवीस वर्षांच्या वादाचे मूळ आहेत.

त्या निकालानंतर दोनच वर्षांनी, १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असा त्यामागचा तर्क होता. चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, मुंबईपासून दिल्लीपर्यंत स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापण्यास बंदी घालणारे कलमही तेव्हाच आले.

हे आंदोलन पेटत असतानाच १९८० साली बी. आर. चोप्रांचा ‘इन्साफ का तराजू’ आला. एका अमेरिकन चित्रपटावरून बेतलेल्या या कथेत बलात्कारित नायिकेला न्यायालयात न्याय मिळत नाही, ही बाजू खरीच होती. पण अत्याचाराचे प्रसंग ज्या तपशिलाने आणि ज्या लांबीने दाखवले गेले त्यावर टीका झाली. कॅमेरा नायिकेच्या बाजूने उभा आहे की अत्याचार करणाऱ्याच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहतो आहे, हा तो आक्षेप. त्या काळच्या कित्येक हिंदी चित्रपटांत तर असा प्रसंग म्हणजे नाचगाण्यासारखाच एक हुकमी मसाला झाला होता. तेथे स्त्रीचे दुःख हे निमित्त आणि तिकीटबारी हा हेतू.

न दाखवताही सांगता येते हे त्याच दशकात सिद्ध झाले. डॉ. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये (१९८२) महिलाश्रमातल्या बायकांचे शोषण प्रेक्षकाला पुरते समजते, त्यासाठी कुणाचे कपडे फाडावे लागत नाहीत. केतन मेहतांच्या ‘मिर्च मसाला’त (१९८७) सुभेदाराच्या वासनेची दहशत मिरचीच्या कारखान्याच्या बंद दाराबाहेर उभी असते आणि ते दार न उघडता जीव देणारा म्हातारा चौकीदार अबू मियाँ असतो. प्रेक्षक हादरतो तो त्या दाराकडे पाहून.

मग प्रत्यक्ष दाखवूच नये का? येथे १९९४ सालचा शेखर कपूरांचा ‘बँडिट क्वीन’ आडवा येतो. त्यात बलात्कार आहे, सामूहिक बलात्कार आहे आणि गावासमोर विवस्त्र करून फूलनला विहिरीवर पाणी आणायला लावण्याचे दृश्य आहे. ते पाहताना कुणाच्या मनात वासना जागी होईल असे म्हणवत नाही. पाहणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटते.

यावरून दोन वेगवेगळे दावे झाले. पहिला खुद्द फूलनदेवीचा. १९९४ च्या फेब्रुवारीत ती तुरुंगातून सुटली आणि त्याच वर्षी चित्रपट कान महोत्सवात पोचला. आपल्यावरचे अत्याचार आपल्या संमतीशिवाय जगाला दाखवले जात आहेत म्हणून तिने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि अंतरिम मनाई मिळवली. अरुंधती रॉय यांनी त्या वेळी हाच प्रश्न कठोरपणे विचारला होता : जिवंत बाईच्या बलात्काराचा प्रयोग तिला न विचारता लावण्याचा अधिकार कुणाला? पुढे हा वाद आपसांत मिटला.

दुसरा दावा गुर्जर समाजातल्या एका गृहस्थांचा. बलात्कारी डाकूचे आडनाव गुर्जर दाखवल्याने समाजाची बदनामी होते, अशी त्यांची तक्रार होती. विवस्त्र दृश्यावरही आक्षेप होता. दिल्ली उच्च न्यायालयाने चित्रपटाचे प्रमाणपत्र रद्द केले. १ मे १९९६ रोजी सरन्यायाधीश अहमदी, न्या. भरुचा आणि न्या. किरपाल यांच्या पीठाने ते परत दिले. दृश्य एकटे काढून पाहू नका, चित्रपट पूर्ण पाहा; हे दृश्य कामवासना नव्हे तर अत्याचाऱ्याबद्दल घृणा आणि फूलनबद्दल करुणा जागवते, असा निकालाचा आशय होता. प्रमाणपत्र देणाऱ्या अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्ष निवृत्त न्या. लेंटिन होते आणि सदस्यांमध्ये तीन स्त्रिया होत्या, याचीही दखल घेतली गेली. हेच लेंटिन १९८८ साली मुंबई उच्च न्यायालयात असताना न्या. सुजाता मनोहर यांच्यासह ‘तमस’ मालिका स्वतः पाहून तिच्यावरील बंदीची मागणी नाकारणारे.

निकाल योग्यच होता. पण इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट खटकते. समाजाच्या अब्रूच्या दाव्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. जिच्यावर अत्याचार झाला तिच्या संमतीचा प्रश्न मात्र तडजोडीत विरून गेला. बाईचे दुःख बाजूला आणि जमातीची इज्जत पुढे, ही आपली जुनीच सवय न्यायालयाच्या दारापर्यंत पोचली होती.

मुस्लिम वाचकाला हा प्रश्न परका नाही. फाळणीत, १९९२-९३ मध्ये, २००२ मध्ये आपल्या बायका काय सोसून आल्या हे आपण जाणतो. यावर आपल्यात दोन सूर निघतात. एक म्हणतो, शरमेची गोष्ट आहे, चारचौघांत नको. दुसरा म्हणतो, सगळे दाखवा, जगाला कळू द्या. पहिल्या सुराने अत्याचार करणाऱ्याचेच फावते, कारण शरम त्याची असायला हवी आणि आपण ती आपल्या मुलींच्या डोक्यावर ठेवतो. दुसऱ्या सुरात त्या स्त्रीचा पुरावा होतो आणि माणूसपण मागे पडते. नंदिता दास यांनी ‘फिराक’मध्ये (२००८) गुजरातच्या हिंसाचारानंतर महिनाभराने घडणारी कथा दाखवली. हिंसा जवळजवळ पडद्याबाहेर ठेवली आणि तिची भीती माणसांच्या चेहऱ्यांवर, बंद खिडक्यांवर दाखवली. आणि जो चित्रपट स्त्रीवरचा अत्याचार एखाद्या जमातीविरुद्ध चीड पेटवण्यासाठी वापरतो, त्याच्याकडे हिंदू-मुसलमान न पाहता एकाच मापाने पाहण्याची हिंमत आपल्यात हवी.

१९९१ ची सेन्सॉर मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की स्त्रीवरील लैंगिक हिंसेची दृश्ये टाळावीत, कथेला अत्यावश्यक असतील तर कमीत कमी ठेवावीत आणि तपशील दाखवू नयेत. अब्बासांच्या खटल्यातून उगवलेले अपील न्यायाधिकरण २०२१ साली बरखास्त झाले. आता दिग्दर्शकाला थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. २०२३ च्या दुरुस्तीने मुलांसाठी सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्या आल्या. वयाची पायरी कायदा ठरवू शकतो. हाताळणीची पारख प्रेक्षकालाच करावी लागते.

ती करताना तीन प्रश्न पुरेत. कॅमेरा कुणाच्या डोळ्यांनी पाहतो? हे दृश्य काढले तर कथेतले सत्य उणे होते का? आणि ती स्त्री खरी असेल, जिवंत असेल, तर तिला कुणी विचारले होते का? पहिले दोन प्रश्न आपल्या न्यायालयांनी विचारले. तिसरा फूलनदेवीने विचारला होता. २५ जुलै २००१ रोजी दिल्लीत तिची हत्या झाली. तिच्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यायचे राहिले आहे.