औंधची सैरंध्री आणि आमच्या जुन्या साड्या

मागच्या महिन्यात आमचा गट औंधला जाऊन आला. यमाईचं दर्शन झालं आणि आम्ही डोंगरावरच्या श्रीभवानी चित्रसंग्रहालयात शिरलो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभं केलं. स्वतः चित्रं काढणारा राजा! महाभारताची शुद्ध आवृत्ती चित्रांसह निघावी म्हणून त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेला एक लाख रुपये देऊ केले, तेही १९१८ साली. तेव्हा आटपाडीसुद्धा औंध संस्थानातच होती, म्हणजे सांगलीकडच्या मैत्रिणींचाही हा वारसा.

तिथं राजा रविवर्म्याची सैरंध्री आहे. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी. पट्टराणी होती, ती विराटाच्या घरी वेणीफणी करणारी दासी झाली. कीचकाची नजर वाईट. राणी सुदेष्णा त्याची बहीण, तिनंच मद्य आणायच्या निमित्तानं हिला त्याच्या घरी धाडलं. आमच्यातली एकजण चित्रापुढून हलेना. म्हणाली, "मालकिणीला सगळं ठाऊक होतं की." तिनं पंधरा वर्षं लोकांच्या घरी धुणंभांडी केलीत. पुढं ती बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. कीर्तनात भीमाचा पराक्रम रंगवून सांगतात. सुदेष्णेपाशी मात्र कुणी थांबत नाही.

रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून देवादिकांची छापील चित्रं घरोघर पोचली. आणि लोकांनी ती नुसती टांगली नाहीत. लक्ष्मी-सरस्वतीला खऱ्या कापडाची साडी चिकटवली, जरीचे काठ, टिकल्या, मणी लावले. अशी चित्रं आता संग्रहालयांत जपून ठेवतात. आजचे चित्रकार याला मिश्र माध्यम म्हणतात. घरी त्याला नुसतं सजवणं म्हणायचे!

परत आल्यावर आम्हीही एक सैरंध्री केली. प्लायवुडची फळी, गोणपाट, जुन्या साड्या, फुटक्या बांगड्या. कुणी म्हणालं, मागं गदा घेतलेला भीम काढू. ती मैत्रीण म्हणाली, नको. पदर तिनं आपल्या कामावरच्या साडीचा लावला आणि हातातलं भांडं उपडं चिकटवलं.

फळी बैठकीच्या खोलीत आहे. डिंक कच्चा निघाला, टिकल्या गळतात. दर बैठकीला कुणीतरी चार नव्या लावून जातं.