हेक्टर की झाड?

मंडळी, 3 जून 2020 आठवतो ना? लॉकडाऊनमुळे आपण सगळे घरातच होतो आणि दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर! वादळं कोकणात येतात, आपल्याला सह्याद्रीची भिंत आहे, अशी आम्हा मावळकरांची जुनी समजूत. पण निसर्ग घाट चढून आलं. मावळात घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, फुलशेतीची पॉलिहाउस फाटली.

मग तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला निघाले. पंचनामा हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यातल्या रकान्यांवर माणसाचं पुढचं वर्ष अवलंबून असतं. घर ‘पूर्णतः’ पडलं की ‘अंशतः’? या एका शब्दात हजारो रुपयांचा फरक. पूर्ण पडलेल्या घराची मदत त्या वेळी सरकारने 95,100 वरून दीड लाखांवर नेली. आमच्या नाणे मावळात, वडिवळ्याच्या बाजूला, तेव्हा भाताची लावणीसुद्धा झाली नव्हती. म्हणजे उभ्या पिकाचा रकाना रिकामाच. घरात ठेवलेलं बियाणं, जनावरांचा पेंढा भिजला तर तो कुठे लिहायचा?

खरा धडा मात्र रायगड-रत्नागिरीच्या वाड्यांनी दिला. बागांसाठी मदत ठरली हेक्टरी 50,000 रुपये. ऐकायला बरी. पण कोकणात वाडी गुंठ्यांत मोजतात. आता माझ्यातल्या मास्तराला गणित घालू द्या! समजा, दहा गुंठ्यांत 15 नारळ आणि 120 पोफळी होत्या, सगळ्या पडल्या. क्षेत्राच्या हिशेबाने मिळणार 5,000 रुपये. आणि नवी बाग फळाला यायला निदान सहा-सात वर्षं. ओरड झाली, तेव्हा सरकारने मोजमापच बदललं: नारळाला झाडामागे 250, सुपारीला 50 रुपये. त्याच वाडीचे झाले 9,750. पुरेसे नव्हेतच, पण जवळजवळ दुप्पट. रोजगार हमीतून पुनर्लागवडीचीही सोय झाली.

नुकसान तेच, माणूस तोच. फक्त काय मोजायचं ते बदललं. मला वाटतं, आपत्तीनंतरच्या नियोजनाची सुरुवात इथूनच व्हायला हवी. नुकसान कशात मोजायचं हे त्या गावच्या माणसाला आधी विचारा, मग फॉर्म छापा.

असो. गावी घर, वाडी असेल तर पावसाळ्याआधी झाडं मोजून, फोटो काढून ठेवा. भाच्यांनो, हे खास तुमच्यासाठी! आणि तुमच्या गावच्या पंचनाम्यात काय राहून गेलं होतं, तेही जरूर लिहा.