कुणाला ठाऊक आहे का?

जॉन डंटन हा लंडनचा पुस्तकविक्रेता. कुणीतरी त्याच्याशी कमालीचा कृतघ्नपणा केला होता आणि ते शल्य त्याला स्वस्थ बसू देत नव्हतं. एखाद्या धर्मगुरूला विचारावं, तर आपली ओळख उघड होणार आणि त्या माणसाचीही. या घालमेलीत सेंट जॉर्ज्स फील्ड्सच्या माळावर मित्रांसोबत फिरताना तो एकाएकी थांबला. पन्नास गिनी मिळाल्या तरी देणार नाही अशी कल्पना आपल्याला सुचली आहे, असं त्याने सोबत्यांना सांगितलं. ही हकिगत त्यानेच आत्मचरित्रात नोंदवली आहे.

ती कल्पना म्हणजे 1691च्या मार्चमध्ये निघालेलं ‘अथेनियन मर्क्युरी’ हे नियतकालिक. किंमत एक पेनी. कुणीही नाव न सांगता काहीही विचारावं, पत्र स्मिथच्या कॉफीगृहात पोचतं करावं आणि उत्तर छापून यायची वाट पाहावी. बायकांनीही विचारावं, असं डंटनने आवर्जून जाहीर केलं. लग्न, पाप, बायबलमधली कोडी, निसर्गातले चमत्कार असं सगळंच येऊ लागलं. चारचौघांत जे विचारता येत नाही, ते अनोळखी माणसाला विचारता येतं, हे डंटनने स्वतःच्या दुखण्यातून ओळखलं होतं.

मात्र उत्तरं देणारी विद्वानांची ‘अथेनियन सोसायटी’ म्हणजे मुख्यतः तिघेच होते: स्वतः डंटन, गणिती रिचर्ड सॉल्ट आणि डंटनचा साडू, पाद्री सॅम्युएल वेस्ली. वाचकाने विचारायचं आणि या तिघांनी सांगायचं.

वाचकाच्या प्रश्नाला वाचकानेच उत्तर द्यायचं, ही रीत रुजवण्याचं मोठं श्रेय मी विल्यम थॉम्स यांना देईन. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कारकुनी करणाऱ्या या गृहस्थांनी 1846मध्ये एका पत्रात ‘फोकलोअर’ हा शब्द घडवला आणि त्याच पत्रात जुन्या चालीरीती, समजुती लोकांनी कळवाव्यात, असं आवाहन केलं. अशी माहिती कुठल्या एका पंडिताकडे नसते, ती घराघरांत विखुरलेली असते, हे त्यांना माहीत होतं. 3 नोव्हेंबर 1849 रोजी त्यांनी ‘नोट्स अँड क्वेरीज’ हे साप्ताहिक सुरू केलं. एखादी म्हण कुठून आली, कुठल्या घराण्याचं पुढे काय झालं, डोक्यात घोळणारी कवितेची ओळ कुणाची, असे प्रश्न त्यात येत. खाली बहुधा आद्याक्षरं किंवा टोपणनाव. उत्तराच्या सुरुवातीला मूळ प्रश्नाचा खंड आणि पान छापलेलं असे, त्यामुळे उत्तर कितीही उशिरा आलं तरी धागा तुटत नसे. या साध्या सोयीचं मला फार मोल वाटतं. विचारणारा विसरून गेला तरी प्रश्न जागा राहायचा.

ही रीत झपाट्याने पसरली. हॉलंडमध्ये 1851ला, पॅरिसमध्ये 1864ला अशी नियतकालिकं निघाली. मुंबईत जेम्स बर्जेस यांनी 1872मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ काढलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यात लिहीत. पुढे 1883मध्ये रिचर्ड टेंपल यांचं ‘पंजाब नोट्स अँड क्वेरीज’ आलं. इथे मात्र विचारणारे पुष्कळदा साहेब अधिकारी असत, आणि ज्यांच्या रीतीभातींबद्दल ते विचारत ते गावकरी क्वचितच स्वतःच्या नावाने उत्तर देत. थॉम्स यांच्या साप्ताहिकातला बरोबरीचा व्यवहार त्यात उतरला नाही, ही खंत वाटते.

तो बरोबरीचा व्यवहार इंटरनेटवर पुन्हा जमला, आणि कवितेच्या ओळीच्या जागी गाणी, सिनेमे, लहानपणी पाहिलेल्या मालिका आल्या. जर्मनीत 1980च्या दशकात एका मुलाने एनडीआर रेडिओवरून गाणी कॅसेटवर भरून घेतली होती. त्यातल्या एका गाण्याचा गायक कोण, ते काही केल्या कळेना. 2007मध्ये त्याच्या बहिणीने त्या गाण्याचा तुकडा इंटरनेटवर टाकून विचारलं. पुढे हजारो माणसं शोधाला लागली. यांतल्या कुणाचंही त्या कॅसेटशी काही नातं नव्हतं. अखेर जुनी वर्तमानपत्रं चाळून, हौशी बँडच्या बातम्या वेचून एकाने माग काढला, त्या वादकांपर्यंत तो पोचला, आणि गाणं आपलंच असल्याचं त्यांनी सांगितलं. कील शहरातल्या ‘फेक्स’ या बँडचं ‘सबवेज ऑफ युअर माइंड’. नोव्हेंबर 2024मध्ये हे जाहीर झालं. बहिणीने विचारल्याला तोवर सतरा वर्षं झाली होती.