तंबूचा मालक आणि वेबसाइटचा मालक

मंडळी, भोकरला बसून इंटरनेटच्या कायद्यावर बोलायचं, तर सुरुवात आपण माळेगावच्या जत्रेपासून करू. समजा, एकानं जत्रेत तंबू ठोकला आणि भाड्यानं दिला. आत दुसऱ्याच कुणीतरी चोरीचा सिनेमा लावला. मशीन मालकानं चालवलं नाही. पण गल्ल्यात त्याचा वाटा आहे. मग तो दोषी की नाही? आजचा सगळा विषय या एका प्रश्नात आहे.

प्रश्न जुना आहे. इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यानं, स्वतःच्या नफ्यासाठी नाट्यगृह किंवा करमणुकीची जागा वापरू देणाऱ्यालाही जबाबदार धरलं. १९१४ मध्ये तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात आला. आपलं नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. स्वातंत्र्यानंतर १९५७ चा कॉपीराइट कायदा झाला. त्याच्या कलम ५१ मध्ये ही तरतूद कायम राहिली : नफ्यासाठी ‘कोणतीही जागा’ वापरू देणारा दोषी. मात्र आपल्याला माहीत नव्हतं आणि संशय घ्यायला वाजवी कारणही नव्हतं, असं असेल तर सुटका. म्हणजे बघायचं काय, तर नफा आणि माहिती.

पुढं व्हिडिओ आला, केबल आली. केबलवाले म्हणायचे, लोक आपापल्या घरात बघतात, हा जाहीर खेळ कसा? १९८९ मध्ये ‘गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक’ खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं ते मानलं नाही. १९९४ च्या दुरुस्तीनं कलम ५१ मधला ‘जाहीर प्रयोग’ जाऊन ‘जनतेपर्यंत पोहोचवणं’ आलं.

आता तंबूच्या जागी वेबसाइट आली. गाणी लोक चढवतात, जाहिरातीचा पैसा मालकाला मिळतो. टी-सिरीजच्या सुपर कॅसेट्सनं मायस्पेसवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. २०११ मध्ये एकल न्यायाधीशांनी म्हटलं, इंटरनेटवरची जागा हीसुद्धा ‘जागा’च, आणि जाहिरातीतून नफाही होतो. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठानं तो आदेश फिरवला. जाहिराती यंत्रणा आपोआप घालते. तेवढ्यावरून मालकाला माहिती होती असं धरता येत नाही. गाण्यांची लांबलचक यादी देऊन भागत नाही, नेमकं कुठं काय आहे ते दाखवा. दाखवल्यावर ३६ तासांत ते काढलं पाहिजे.

एका अर्थी हे बरोबर आहे. लाखो लोकांचं सगळं आधी तपासायला लावलं, तर कुणाला बोलायला जागाच उरणार नाही. पण ओझं कुणावर पडलं? मोठ्या कंपनीकडं शोधायला माणसं असतात. आपल्याकडचा गोंधळी, शाहीर किंवा मोबाइलवर गाणं करणारा पोरगा एकेक लिंक कुठवर शोधणार? एक काढली की दुसरी उभी! आणि २०१३ च्या नियमांनुसार २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर काढलेलं परत चढवता येतं.

म्हणून दोन गोष्टी आपण गाठीला बांधून घेऊ. कॉपीराइट रचनेबरोबरच जन्मतो, नोंदणीची सक्ती नाही. आणि कलम ६२ मुळे दावा मुंबई-दिल्लीला लावायची गरज नाही. आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे नांदेडलाही, लावता येतो. तंबूच्या मालकाला ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणता येत होतं ते कुणी सांगेपर्यंतच. सांगायचं काम कायद्यानं आपल्यावर टाकलंय, तर ते लेखी आणि पत्त्यासकट सांगू.