ग्रंथालयातला एक तास

महाविद्यालयीन विद्यार्थ्याला निबंध लिहायला शिकवायचे ते लेखनाच्या शिक्षकाने आणि संदर्भ शोधायला शिकवायचे ते ग्रंथपालाने, ही वाटणी अमेरिकेत फार काळ रूढ होती. वर्ग एकदा ग्रंथालयात न्यायचा, तालिका दाखवायची, तासाभरात परत आणायचा. हाती आलेल्या मजकुराला प्रश्न कसा विचारायचा, हे मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही. मग मत आधी ठरते, अवतरणे मागाहून शोधली जातात आणि तळटीपा दागिन्यांसारख्या अंगावर चढतात. (असे प्रबंध आपल्याकडेही आम्ही पाहिलेले आहेत.)

या दुखण्यावर पॅट्रिशिया नॅप यांनी नेमके बोट ठेवले. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील मॉन्टिथ कॉलेजात त्यांनी १९६० नंतर ग्रंथालयाचा वापर अभ्यासक्रमातच गुंफून पाहिला. ग्रंथ कोठे आहे हे कळणे निराळे आणि ज्ञान कोणत्या वाटांनी रचले, नोंदले जाते हे कळणे निराळे, ही त्यांची भूमिका. त्यांचा वृत्तांत १९६६ साली ग्रंथरूपाने आला. ग्रंथपाल आणि अध्यापक यांचे संबंध बदलल्याशिवाय हे साधणार नाही, हे त्यांनी तेव्हाच जाणले होते. इंडियानातील अर्लहॅम कॉलेजात इव्हान फार्बर यांनी हाच मार्ग चिकाटीने पुढे नेला. विद्यार्थ्यापुढे प्रत्यक्ष निबंध असेल तेव्हाच, त्या विषयाच्याच साधनांनिशी शिकवायचे, ही त्यांची रीत.

‘माहिती साक्षरता’ हा शब्द मात्र ग्रंथालयातून आला नाही. १९७४ साली तो वापरला पॉल झुरकोव्स्की यांनी, आणि ते माहिती-उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष होते! विक्रेत्याला जाणते गिऱ्हाईक हवे असते, एवढाच अर्थ आम्ही त्यातून काढणार नाही. पण शब्दाचे कूळ ठाऊक असलेले बरे. २००० साली महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने त्याचे पाच निकष ठरवले. २०१६ मध्ये ते मागे घेतले गेले. त्यांच्या जागी आलेल्या चौकटीत विद्वत्ता हा चालू संवाद मानला आहे. नॅप यांच्या विचाराशी याचे नाते उघड आहे.

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी यांना संकेतस्थळांची विश्वासार्हता जोखायला सांगितली. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारही समोरचे पानच बारकाईने वाचत राहिले आणि देखण्या मांडणीला फसले. तपासनिसांनी ते पान लवकरच सोडले आणि त्या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते पाहायला ते बाहेर पडले.