पाणी आधी कुणाच्या दारात?

कोपरगाव तालुक्यात गोदावरीकाठी आमचा महारवाडा. गाव उंचावर, आम्ही नदीच्या अंगाला उतारावर. ही जागा आम्ही निवडली नव्हती, गावगाड्याने दिली. आजा येसकर. पाणी चढलं की रात्री गाव उठवायला तोच. परत येईतो छप्पर वाहिलेलं. १९५८ च्या कायद्याने वतन गेलं, वस्ती तिथंच राहिली.

नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजांच्या काळचा. त्याचे कालवे बागायतदारांचा ऊस भिजवतात. नकोसं झालेलं पाणी नदीतून आमच्याकडे येतं. ऑगस्ट २०१९ मध्येही तसंच आलं. इशारा आता फोनवर येतो म्हणे. ओसरल्यावर पंचनाम्याला आलेल्या माणसाने घराचा उतारा मागितला. येसकराच्या छपराला उतारा कुणी दिला होता?